डोक्यावर हंडा आहे असं समजून उभ्या राहा

मुळशी तालुक्यातल्या नेरे गावातून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आज हप्ता नाही, व्याज नाही, खातेवही नाही. आजचा विषय आहे उभं राहण्याचा.

उभं राहायला काय शिकायचं, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही असंच हसलो होतो. पण मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एक मावशी भाताच्या बांधावरून घसरल्या आणि मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये, ऐन लावणीतली मजुरी बुडाली, त्या महिन्याची त्यांची बचत आम्ही सगळ्यांनी मिळून भरली. त्या बैठकीत एकेक जण बोलू लागली. कुणाला रात्री मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागते, कुणाला उभ्यानं पायातला काटा काढता येत नाही. पडलेली एक होती, पण तोल डळमळलेल्या बऱ्याच जणी निघाल्या.

तोल राहतो तीन गोष्टींवर: डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपाय-सांध्यांतून मेंदूला मिळणारी खबर. वय वाढतं तसं हे तिन्ही मंदावतात, पायांची ताकदही कमी होते. वीज गेली की डोळ्यांचा आधार जातो आणि सगळी भिस्त उरलेल्या दोन्हींवर येते. त्यात पाळी थांबल्यावर बाईची हाडं झपाट्यानं विरळ होऊ लागतात. म्हणून साध्या पडण्यानंही मनगट किंवा खुबा मोडतो.

आपली कामंही सगळी पुढे वाकायची. लावणी, खुरपणी, केर, भाकरी. खांदे पुढे येतात, मान पुढे जाते. मूल कडेवर घेतलं की कंबर एका बाजूला. मग काम नसतानाही आपण तशाच उभ्या राहतो.

आपल्या पुण्यातच बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी या उभं राहण्याचा फार बारकाईनं विचार केला. लहानपणी ते आजारांनी खंगलेले होते. १९३७ साली योग शिकवायला ते पुण्यात आले आणि इथलेच झाले. पत्नी रमामणी यांच्या नावानं १९७५ मध्ये त्यांची संस्था शिवाजीनगरात उभी राहिली. भिंत, खुर्ची, पट्टा, लाकडी वीट यांचा आधार घेऊन म्हाताऱ्या आणि आजारी माणसांनाही आसनं करता येतात, हे त्यांनी दाखवलं. त्यांच्या शिकवणीत ताडासन, म्हणजे नुसतं नीट उभं राहणं, हा उभ्या आसनांचा पाया आहे. आपल्याला लागते फक्त भिंत, आणि ती प्रत्येकीच्या घरी आहे.

आता करून बघू. साडीचा घोळ वर खोचा. पाय अनवाणी, फरशी कोरडी, खाली चटई नको. भिंतीला पाठ करून, टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवून उभ्या राहा. दोन पावलांत वीतभर अंतर चालेल. पायाची बोटं उचला, पसरा आणि पुन्हा टेकवा. अंगठ्याखालचा उंचवटा, करंगळीखालचा उंचवटा आणि टाच, तिन्हींवर भार सारखा येऊ द्या. गुडघे सरळ, पण मागे रेटायचे नाहीत. मांड्या घट्ट, पोट किंचित आत, खांदे मागे आणि खाली. आता समजा, डोक्यावर चुंबळ आहे आणि तिच्यावर भरलेला हंडा. बघा, मान आपोआप सरळ झाली! श्वास न रोखता दहा श्वास थांबा.

हे आठवडाभर जमलं की वृक्षासन. भिंतीच्या कडेला उभ्या राहा, एक हात भिंतीवर. दुसऱ्या बाजूचा पाय उचलून तळवा घोट्याजवळ किंवा पोटरीला टेकवा, गुडघ्यावर कधीच दाबायचा नाही. समोर एका खुणेवर नजर ठेवा. पाच श्वास, मग वळून दुसरा पाय. वयस्कर बायकांनी पाय उचलू नये, फक्त टाच वर करावी आणि पुढ्यात जड, न हलणारी खुर्ची ठेवावी.

ज्यांना चक्कर येते, रक्तदाब आहे, दिवस गेलेत किंवा नुकतंच हाड मोडलंय, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. एकटीनं डोळे मिटून करू नये. आणि वारंवार तोल जात असेल तर योगावर विसंबून बसू नका, तपासून घ्या. चष्म्याचा नंबर, गोळ्या, अंगातलं रक्त कमी असणं, कारण काहीही असू शकतं.

एकवीस जूनला योग दिन होतो, फोटो निघतात आणि बावीसपासून सगळं थंड. आम्ही तसं केलं नाही. हात बरा झाल्यावर डॉक्टरांना विचारून मावशींनीही सुरुवात केली. बैठकीला हजेरी घेण्याआधी आम्ही सगळ्या भिंतीला लागून पाच मिनिटं उभ्या राहतो. मावशी आधी भिंतीवर अख्खा पंजा दाबून धरायच्या. दोन महिन्यांनी तीन बोटं, आता एकच बोट टेकवतात. पाय अजून थरथरतो, पण यंदा लावणीला जायचं त्यांनी ठरवलंय.

तुमच्या गटातही पुढच्या बैठकीला हे करून बघा. कुणाची किती बोटं भिंतीवर आहेत, ते वहीत लिहून ठेवा. पैशाची बचत मोजतो, तशी ही पण मोजू या.