असीरचा घाट आणि निक्कोची वळणे

इंदुराहून मोटारीने बुऱ्हाणपुरास जावयाचे म्हणजे एका दिवसात दोन पर्वत आणि एक मोठी नदी ओलांडून दुसरीच्या काठी उतरावयाचे. सिमरोळ सोडले की भेरूघाटाने विंध्य उतरतो. मोरटक्क्यास नर्मदामाईला हात जोडावेत, निमाडातील कापसाची शेते मागे टाकावीत, तो समोर सातपुडा उभा. असीरगडाखालून रस्ता वळणे घेत उतरू लागला की तापीचे खोरे दृष्टीस पडते. अंतर सुमारे १८० किलोमीटर.

ही खिंड म्हणजे दक्षिणेचा दरवाजा. अकबराने दीर्घ वेढ्यानंतर १६०१ साली असीरगड घेतला. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली बुऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज याच बाजूने, कोणी भाला, कोणी दौत-लेखणी, तर कोणी तंबोरा घेऊन उत्तरेस आले. त्यांनी पायी तुडविलेली वाट आपण मात्र खिडकीच्या काचा लावून, डुलकी घेत ओलांडतो.

जपानात निक्को येथे इरोहाझाका नावाचा घाट आहे. तेथील वर्णमालेच्या जुन्या क्रमात ४८ अक्षरे. घाटाची वळणेही तितकीच, आणि प्रत्येक वळणावर एकेका अक्षराची पाटी. मोटारींसाठी रस्ता १९५४ साली खुला झाला. गर्दी वाढली तेव्हा १९६५ साली दुसरा बांधला. तथापि पहिला मोडीत काढला नाही. नव्याने चढावयाचे, जुन्याने उतरावयाचे. शरदात पाने तांबडी झाली म्हणजे लोक मोटारी आणि मोटारसायकली घेऊन मुद्दाम त्या वळणांवर जातात.

हे सांगण्याचे कारण असे की, आपल्या मार्गाच्या चौपदरीकरणात भेरूघाटाच्या बाजूस बोगदे खोदले गेले. ते हवेच होते. मालाने लादलेल्या ट्रकांमागे जीव मुठीत धरून उतरण्यात कसले आले सौंदर्य? पण ट्रक बोगद्यातून गेल्यावर जुना घाट ओसाड टाकावयाचा काय? त्याची डागडुजी करून तो हौशी प्रवाशांसाठी राखता येईल. असीरगडाखाली चार गाड्या उभ्या राहतील एवढी जागा आणि इतिहास सांगणारी एक पाटी, एवढ्यानेही पुष्कळ साधेल.

यात बुऱ्हाणपूरचेही हित आहे. असीरला जो थांबेल तो गावातही थांबेल. सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमीखालून शहरास पुरविणारा १६१५ सालचा कुंडी भंडारा तो पाहील. तापीपलीकडे आहुखान्यात, जेथे १६३१ साली मुमताजमहलचा देह प्रथम ठेवला गेला, तेथेही जाईल. भरधाव निघून जाणाऱ्यास यातले काहीच दिसावयाचे नाही.

गाणे शिकविताना आम्ही विद्यार्थ्यास सांगतो, समेवर यावयाचेच आहे, पण धावत येऊ नकोस. मोटार हाकणाऱ्यासही माझे तेवढेच सांगणे आहे. येत्या श्रावणात मुलाबाळांना घेऊन निघा, आणि असीरच्या घाटात घटकाभर गाडी बाजूस लावा.