गोष्ट सांगता येते, मग लिहिता का येऊ नये?

पारावर किंवा खळ्यावर गोष्ट रंगवून सांगणारा एखादा तरी माणूस प्रत्येक गावात असतोच. त्यानं तोंड उघडलं की ऐकणाऱ्यांच्या हातातला चहा निवून जातो. पण तीच गोष्ट कागदावर उतरवा म्हटलं की तो म्हणतो, "आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला काय लिहिता येणार?" घरातल्या लेकीसुनांचंही तेच. वहीत चार पानं लिहिलेली असतात, पण ती वही ट्रंकेच्या तळाशी. ती वही बाहेर कशी काढावी, याविषयी आज थोडं बोलू.

शिक्षण कमी म्हणून मागं हटू नका. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्यांना सुचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. अण्णा भाऊ साठे शाळेत फारसे गेले नाहीत, पण 'फकिरा' ही त्यांची कादंबरी आज घरोघरी माहीत आहे. आणि हे जुन्या काळापुरतंच नाही. शेतकऱ्याच्या हलाखीवरच्या 'बारोमास' या सदानंद देशमुखांच्या कादंबरीला २००४ साली, तर कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

विषय दारातच आहे

गोष्टीसाठी मुंबईचे बंगले नि मोटारी शोधत बसू नका. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा आठवा. बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही आणि राबून पिकवलेला माल बाप पायांनी तुडवतो, एवढीच घटना. पण ती पोराच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे, म्हणून काळजाला भिडते. विहिरीचा वाटा, सोसायटीचं कर्ज, लग्न न जमणारा मुलगा, माहेरची जमीन मागावी की नाही या पेचातली बहीण, यांतल्या प्रत्येकात एक गोष्ट आहे. मात्र घडलेलं जसंच्या तसं लिहिलं की गोष्ट होत नाही. माणसाला काहीतरी हवं असतं, ते मिळण्यात अडचण येते आणि शेवटी त्याला काही ठरवावं लागतं, तेव्हा गोष्ट उभी राहते.

"सखारामला बैल विकल्याचं फार दुःख झालं" असं लिहिलंत तर वाचक पुढं सरकेल. त्याऐवजी, "बाजारातून आल्यावर सखारामनं कडब्याच्या दोन पेंढ्या उचलल्या, गोठ्याच्या दारापर्यंत गेला, आणि एक पेंढी तिथंच खाली ठेवली" असं लिहा. दुःख हा शब्दही आला नाही, तरी ते कळलं.

भाषेचंही तसंच आहे. पात्रांना आपल्या भागातली बोली बोलू द्या. पण बाहेरच्या वाचकाला नेमका अर्थ लागेल याची काळजी घ्या.

एक सावधगिरी मात्र हवी. गाव लहान असतं, माणूस लगेच ओळखू येतो. नुसतं नाव बदलून भागत नाही. धंदा, नातं, घराची जागा बदला, दोन माणसांचं मिळून एक पात्र करा. कुणाच्या घरची झाकली मूठ आपल्या गोष्टीसाठी उघडू नका.

लिहून झाल्यावर

पेरणी-काढणीच्या धांदलीत रोज तासभर मिळणार नाही. पण रात्री जेवणं उरकल्यावर अर्धं पान लिहिलं तरी महिन्यात पंधरा पानं होतात. गोष्ट पुरी झाली की पंधरा दिवस बाजूला ठेवा, मग घरात मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य मोडा. जिथं ऐकणारा जांभई देतो तिथं कात्री लावा. धान्य उफणल्याशिवाय पोत्यात भरत नाही, तसंच हे.

कुठं पाठवावी?

एकदम पुस्तकाच्या मागं लागू नका. आधी साप्ताहिकं, मासिकं, दिवाळी अंक. मराठीत दिवाळी अंकाची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन' अंकापासूनची आहे, आणि नव्या लेखकाला तो अजूनही मोठा आधार आहे. अंकाची तयारी दिवाळीच्या बरीच आधी सुरू होते, म्हणून कथा उन्हाळ्यातच तयार ठेवा. ज्या अंकाला पाठवायची तो आधी वाचा. हातानं लिहीत असाल तर कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून लिहा. मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेली कथाही बरीच मासिकं ईमेलनं घेतात. आपली प्रत जपून ठेवा आणि एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. साभार परत आली तर नाउमेद न होता पुन्हा वाचा, सुधारा, दुसरीकडं पाठवा.

पैसे मोजण्याआधी

पुस्तकाची वेळ आली की काहीजण सांगतात, "इतके हजार भरा, आम्ही छापतो." बियाण्याचे पैसे यात घालू नका. छापलेल्या प्रती खोलीत पडून राहतात आणि कर्ज तेवढं डोक्यावर बसतं. स्वखर्चानं पुस्तक काढण्यात गैर काही नाही, पण किती प्रती, विकणार कोण, हिशेब केव्हा, हे आधी कागदावर घ्या. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक सरकारकडून विनाशुल्क मिळतो, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर विचारा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिची चौकशी जरूर करा.

कोऱ्या कागदावर सही करू नये, हे सातबाऱ्याच्या बाबतीत आपण जाणतो. लिखाणही आपली मालमत्ताच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. त्यात मानधन किती आणि मुदत किती, हे वाचूनच सही करा. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षांची धरतो.

नाव आणि पैसा मिळेल की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. पण आपल्या शिवारातल्या माणसांची गोष्ट आपण लिहिली नाही, तर ती कुणीतरी लांबून पाहून लिहील, किंवा कुणीच लिहिणार नाही. तेव्हा आज रात्री ट्रंक उघडा.