‘अभ्यासासाठी सही करा’ म्हणतात, म्हणजे नेमकं काय? विंचवाच्या डंखावरच्या संशोधनातून नव्या डॉक्टरांना आणि आपल्यालाही धडा

वसई-विरार : वसई पूर्वेच्या पारोळ, उसगाव, मेढे, भाताणे पट्ट्यातला पेशंट जास्त सिरीयस झाला की त्याला मुंबईला न्यायचं, हे इथल्या घरांना नवीन नाही. केईएम, सायन, नायर ही नावं सगळ्यांना पाठ. तिथे वॉर्डात एखादा तरुण डॉक्टर येतो, चौकशी करतो आणि एक कागद पुढे करतो. “आमचा एक अभ्यास सुरू आहे, सहभागी व्हाल का?” काही नातेवाईक न वाचताच अंगठा देतात. काही जण “आमच्यावर प्रयोग करता काय?” म्हणून तोंड फिरवतात. दोन्हींत नुकसान आपलंच होऊ शकतं. म्हणून हा प्रकार समजून घेऊ.

डॉक्टर अभ्यास का करतात?

ही मोठी हॉस्पिटलं म्हणजे मेडिकल कॉलेजंही आहेत. तिथे नव्याने लागलेला सहाय्यक प्राध्यापक तीन कामं करतो. पेशंट तपासणं, विद्यार्थ्यांना शिकवणं आणि संशोधन. पदोन्नतीसाठी शोधनिबंध छापून यावे लागतात. पण ओपीडीची रांग संपत नाही, रात्रपाळी सुटत नाही. मग काही ठिकाणी हाताला लागेल ती माहिती गोळा करून निबंध छापायचा आणि विसरून जायचं, असं होतं. अशा निबंधाने डॉक्टरची फाईल भरते, पेशंटच्या हाती काही येत नाही.

याच्या उलट, चांगलं संशोधन कसं उभं राहतं याचं उदाहरण आपल्या कोकणातच आहे.

बिरवाडीचा डॉक्टर आणि लाल विंचू

डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. 1976 मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. ते कुठल्या कॉलेजात प्राध्यापक नव्हते, हाताशी प्रयोगशाळा नव्हती. पण समोर एक प्रश्न रोज येत होता. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि लहान मुलं काही तासांत दगावत होती. का?

विंचू चावल्यावर वेदनेची गोळी द्यायची, इतकाच तेव्हा उपाय. बावस्कर पेशंटच्या खाटेशेजारी तासन्‌तास बसून नोंदी करू लागले. चावा किती वाजता झाला, घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, हातपाय कधी गार पडले, बीपी किती, नाडी किती. या नोंदींतून चित्र दिसू लागलं. विषामुळे शरीरातलीच रसायनं एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. कुठली लक्षणं दिसली की धोका समजायचा, हे त्यांनी 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडलं.

पुढचा प्रश्न उपायाचा. प्राझोसिन हे बीपीचं, तोंडाने घ्यायचं औषध आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. त्याचा अनुभव त्यांनी 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध केला. पूर्वी गंभीर पेशंटपैकी शंभरात 30 ते 40 जण दगावायचे, ते प्रमाण प्राझोसिननंतर 1 टक्क्याच्या आसपास आलं. 2022 मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

पण ते एवढ्यावर थांबले नव्हते. प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिविष लस दिली तर आणखी फायदा होतो का, हे त्यांनी महाडमध्ये तपासलं. 70 पेशंटचे 35-35 चे दोन गट केले. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि लस. 10 तासांत पूर्ण बरे झालेले पेशंट पहिल्या गटात 8, दुसऱ्या गटात 32. हा निकाल 2011 मध्ये ब्रिटनच्या ‘बीएमजे’मध्ये छापून आला.

नव्या डॉक्टरने यातून काय घ्यावं?

पहिली गोष्ट, प्रश्न आपल्याच वॉर्डातला हवा. परदेशी निबंध वाचून उसना आणलेला प्रश्न फार टिकत नाही. पालघरमध्ये सर्पदंश आहे, विंचूदंश आहे, कुपोषण आहे, सिकलसेल आहे. प्रश्नांची टंचाई इथे नाही.

दुसरी, नोंद पहिल्या दिवसापासून आणि प्रत्येक पेशंटची एकसारखी हवी. अर्धवट केसपेपरमधून नंतर काहीच सिद्ध करता येत नाही.

तिसरी, लहान सुरुवात आणि एकच वाट. आधी लक्षणं, मग औषध, मग दोन उपायांची तुलना. 1982 ते 2011, म्हणजे 29 वर्षं एकाच आजाराचा माग. दर वर्षी नवा विषय धरणाऱ्याच्या हाती दहा वर्षांनी सुटे कागदच राहतात.

चौथी, माणसं जोडणं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर महिलांचा अभ्यास सुरू केला. बाळांचं सरासरी वजन भरलं सुमारे 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5 किलो. पण आपली बाळं दिसायला बारीक असूनही त्यांच्या अंगात चरबी तुलनेने जास्त होती. पुढे मधुमेहाचा धोका का वाढतो, याचा एक धागा इथे सापडला. तीच मुलं मोठी होईपर्यंत तपासली गेली. गावाचा विश्वास आणि घरोघरी फिरणारे कार्यकर्ते नसते, तर हे एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातलं नव्हतं.

यात कॉलेजची जबाबदारीही आहे. आठवड्यातले काही तास संशोधनासाठी मोकळे ठेवणं, आकडेवारी जाणणारा माणूस देणं आणि नव्या डॉक्टरला अनुभवी मार्गदर्शक जोडून देणं, एवढं झालं तरी गाडी रुळावर येते.

आपल्या जिल्ह्यातही काम

डहाणूत आयसीएमआरचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. डहाणू उपजिल्हा रुग्णालयात आलेल्या सर्पदंशाच्या पेशंटच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. देशात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं केंद्र सरकारने 2024 च्या कृती आराखड्यात म्हटलंय. गावागावातली खरी नोंद मिळाल्याशिवाय लस कुठे किती ठेवायची, हे ठरणार कसं? भगताकडे जाऊन घरीच दगावलेला माणूस हॉस्पिटलच्या नोंदीत येतच नाही.

सही करण्याआधी हे विचारा

- अभ्यास कशाचा आहे? नुसती माहिती घेणार, रक्त घेणार की नवीन औषध देणार?
- धोका काय, फायदा काय? जादा तपासणीचा खर्च कोण करणार?
- एथिक्स कमिटीची, म्हणजे नीतिमत्ता समितीची परवानगी आहे का?
- माहितीपत्रक मराठीत आहे का? सही केलेल्या कागदाची एक प्रत मागून घ्या.
- वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर कागद वाचून दाखवायला सांगा, मगच अंगठा द्या.
- औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदणीचा क्रमांक विचारा. तो मोबाईलवर तपासता येतो. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद कायद्यात आहे.

“नाही” म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. मध्येच बाहेरही पडता येतं आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. पण सगळं नीट समजलं आणि पटलं, तर “हो” म्हणायलाही हरकत नाही. महाडच्या त्या 70 जणांनी “हो” म्हटलं, म्हणून पुढच्या पेशंटला कोणता उपाय लवकर लागू पडतो ते कळलं.

आणि तोवर एक लक्षात ठेवा. लाल विंचू चावला आणि घाम, उलटी, हातपाय गार पडणं सुरू झालं, किंवा साप चावला, तर उतारा करण्यात वेळ घालवू नका. जखम कापू नका, आवळून बांधू नका. 108 ला फोन करा, थेट सरकारी दवाखाना गाठा आणि चावा किती वाजता झाला ते डॉक्टरांना सांगा. बावस्करांच्या वहीत पहिली नोंद तीच असायची.