वोकिंगचे कब्रस्तान : कबरी गेल्या, भिंती राहिल्या

लंडनच्या नैर्ऋत्येस वोकिंग नावाचे शहर आहे. भोपाळच्या शाहजहान बेगम यांच्या देणगीच्या आधाराने 1889 साली बांधलेली तिथली मशीद अनेकांना ठाऊक असते. त्याच शहरात, हॉर्सेल कॉमन या माळरानाच्या कडेला असलेले सैनिकांचे कब्रस्तान मात्र फारसे कोणाला माहीत नाही.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेले हिंदी सैनिक ब्रायटनच्या इस्पितळांत आणले जात. तिथे मरण पावलेल्या हिंदू-शिखांचे दहन जवळच्या टेकड्यांवर होई; मुस्लिमांची मय्यत वोकिंगला येई. मशिदीचे इमाम मौलवी सदरुद्दीन यांनी या दफनांसाठी बंदिस्त, अदब राखणारी जागा हवी असा आग्रह धरला. सरकारनेही तो ऐकला, पण केवळ सद्भावनेने नव्हे. नोव्हेंबर 1914 मध्ये तुर्की सुलतानाने जिहाद पुकारला होता. इंग्रज मुस्लिम सैनिकांना नीट दफन करत नाहीत, असा प्रचार जर्मनी करत होता. 1915 मध्ये तर त्यांनी मुस्लिम युद्धकैद्यांसाठी लाकडी मशीदही बांधली. दोन साम्राज्यांच्या या चढाओढीत कफन-दफनाचा साधा हक्कही राजकारणाचा विषय झाला.

इंडिया ऑफिसचे टी. एच. विनी यांनी आराखडा केला आणि 1917 पर्यंत काम पुरे झाले. विटांची भिंत, कमानी, कोपऱ्यांवर छोटे मिनार आणि दाराशी घुमटाची छत्री. इंग्लंडच्या पाइन झाडांत ही मोगल वळणाची इमारत थोडी परकी दिसते. पण आत निजलेलेही परक्या मुलखातलेच होते. दोन्ही महायुद्धांतील मिळून 27 जण इथे दफन झाले.

पुढे समाजकंटकांनी जागेची नासधूस केली. म्हणून 1960 च्या दशकाच्या अखेरीस कबरी ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमीत हलवल्या गेल्या. दफन झालेल्या मय्यतीला पुन्हा हलवणे आपल्याकडे सहसा मान्य नाही. ज्यांना मानाने निजवण्यासाठी भिंती उभारल्या, त्यांनाच त्या राखू शकल्या नाहीत, ही गोष्ट मनाला लागते.

कित्येक वर्षे ओस पडलेली ही वास्तू अखेर दुरुस्त झाली आणि नोव्हेंबर 2015 मध्ये तिथे शांतीबाग खुली झाली. मधोमध पाण्याचा अरुंद पाट, एका शिळेवर मरहूमांची नावे आणि प्रत्येकामागे एक अशी हिमालयातील भूर्जाची 27 झाडे. पांढऱ्या सालीची ही झाडे त्यांच्या मायभूमीकडची आहेत, ही कल्पना मला इमारतीच्या नक्षीपेक्षा अधिक भावते.

कबरींपाशी उभे राहून दुआ करायची असेल, तर वोकिंगहून आगगाडीने पुढच्याच स्टेशनावर, ब्रुकवुडला उतरावे लागते.