तळ्यातल्या जिताड्याला पिल्लं का होत नाहीत?

रायगडात, पेण-अलिबागच्या खारेपाटात, शेततळ्यात जिताडा वाढवायची जुनी रीत आहे. तळं पावसाच्या पाण्यानं भरतं. खाडीत सापडलेलं बीज त्यात सोडलं की मासा चांगला काही किलोंचा होतो. पण त्या तळ्यात जिताड्याची पिल्लं कधी दिसत नाहीत. बीज दरवेळी बाहेरूनच आणावं लागतं.

यावर कोणी म्हणेल, जिताडा जन्मतः नर असतो, मादी व्हायला त्याला काही वर्षं लागतात आणि तोवर तो ताटात गेलेला असतो. खरं आहे. पण ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या टिनारू धरणात हाच मासा वर्षानुवर्षं राहतो, अवाढव्य होतो, तरी तिथंही बीज सोडावंच लागतं. मोठ्या माशाला गोडं पाणी चालतं, त्याच्या अंड्याला चालत नाही.

मिठाचं माप

पाण्यातलं मीठ पीपीटीत मोजतात, म्हणजे ढोबळमानानं एका लिटरमागे किती ग्रॅम. खुला समुद्र साधारण 35, गोडं पाणी शून्याच्या जवळ, खाडी दोन्हींच्या मध्ये कुठंही. आणि बहुतेक माशांचं रक्त, मासा समुद्रातला असो की नदीतला, 10 ते 12च्या आसपास. पुढचा सगळा खेळ या तफावतीचा आहे.

आधी शुक्रजंतू जागे व्हावे लागतात

माशाच्या अंगात असेपर्यंत शुक्रजंतू निपचित असतात. समुद्री माशाचे शुक्रजंतू बाहेरचं जास्त खारं पाणी लागलं की पळू लागतात. रोहू-कटल्याचं उलटं: त्यांना पातळ, गोडं पाणी लागतं आणि त्यातही त्यांची धाव जेमतेम मिनिटभराची. पाणी चुकलं तर अंड्याचं फलनच होत नाही.

तरंगेल ते जगेल

जिताड्याचं अंडं पाऊण मिलिमीटरचं, काचेसारखं पारदर्शक. आत तेलाचा एक थेंब असतो. पण अंडं तरंगतं ते मुख्यतः त्यातल्या पाण्यामुळं. गाभोळी पिकताना बलकातली प्रथिनं तुटतात, अंडं पाणी ओढून घेतं आणि टम्म फुगतं. हे आतलं पाणी समुद्रापेक्षा पातळ, म्हणून हलकं. बाहेर 28 ते 32 पीपीटी असेल तर अंडं वर राहतं आणि 17-18 तासांत फुटतं. खारेपणा फार उतरला की ते बुडतं. तळाच्या चिखलात प्राणवायू कमी, बुरशी फार. म्हणूनच जिताडा अंडी घालायला खाडीच्या मुखाशी येतो, तेही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या सुमारास. पुढं भरतीच पिल्लांना आत खारफुटीत नेते.

याची सगळ्यात महाग शिकवण बाल्टिक समुद्रानं दिली. तिथलं वरचं पाणी जेमतेम 7-8 पीपीटी. तिथल्या कॉड या माशाच्या शुक्रजंतूंना निदान 11 लागतं आणि अंडी सुमारे 14 पीपीटीच्या थरात अधांतरी राहतात. हा थर खोल असतो आणि खोलात प्राणवायू संपत आलेला. उत्तर समुद्रातून खारं, ताजं पाणी आत शिरलं, जसं डिसेंबर 2014मध्ये शिरलं, तरच त्या थरात जीव येतो. अशी आवक क्वचित होते. त्यात वर्षानुवर्षांची मासेमारी. शेवटी 2019मध्ये युरोपीय संघानं पूर्व बाल्टिकातल्या कॉडच्या मासेमारीवर बंदी आणली. त्याच समुद्रातल्या एका चपट्या माशानं, आपल्या लेपीसारख्या, निराळी वाट धरली आहे. त्याची अंडी तरंगतच नाहीत, तो ती कमी खाऱ्या उथळ पाण्यात तळाशीच घालतो. 2018मध्ये त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली.

कल्ले येण्याआधीचे दिवस

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला काम करणारे कल्ले नसतात. समुद्रात त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, मीठ आत घुसतं. मग ते पाणी पितं, आणि बलकाच्या पिशवीवरच्या कातडीतल्या खास पेशी मीठ उपसून टाकतात. या उपशाला ताकद लागते, ती बलकातूनच. तोंड उघडून खाणं सुरू व्हायला दोनतीन दिवस लागतात, तोवर शिदोरी तेवढीच. पाणी मानवणारं नसेल तर बलक उपशातच जातो: पिल्लू लहान राहतं, कणा वाकडा होतो, पुष्कळशी मरतात.

कल्ले तयार झाले की चित्र पालटतं, मग कमी खारं पाणीही मानवतं. बीज तयार करणारे हाच क्रम पाळतात. 1997मध्ये चेन्नईच्या ‘सीबा’ या केंद्रीय निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यसंवर्धन संस्थेनं जिताड्याचं बीज बंदिस्त टाकीत तयार करून दाखवलं. बीज तयार करणाऱ्या केंद्रांत सुरुवात समुद्राच्या पाण्यातच होते. टाकीत सोडलेली हवा बंद केली की जिवंत अंडी वर येतात, मेलेली खाली बसतात; वरची तेवढी गाळून घ्यायची. खारेपणा उतरवतात तो पिल्लं सावरल्यावर, पायरीपायरीनं.

बीज आणताना

तळ्यासाठी जिताड्याचं बीज घेणार असाल, तर भावाआधी एक विचारा: टाकीतलं पाणी आत्ता किती पीपीटी आहे? ते 15 असेल आणि तुमचं तळं गोडं असेल, तर बोटुकली पिशवीतून थेट तळ्यात ओतू नका. केंद्रातच पाणी उतरवून मागा, नाहीतर हौदात ठेवून तळ्याचं पाणी थोडं थोडं मिसळत दोनतीन दिवस काढा.