किडनी काढून १५ वर्षं झाली, तरी जुनी फाईल का जपायची?

किडनी काढली, गाठ गेली, पाच वर्षं तपासण्या नीट आल्या. बहुतेक घरांत इथे कॅन्सरचा विषय संपतो आणि फाईल माळ्यावर जाते. बऱ्याच जणांच्या बाबतीत तो खरंच संपलेला असतो. पण किडनीचा कॅन्सर जरा चिवट. १०, १५, क्वचित २० वर्षांनीही तो परतल्याच्या नोंदी आहेत.

परततो तो सहसा फुप्फुस, हाडं, लिव्हर किंवा मेंदूत. पण उशिरा आला की कधीकधी भलत्याच जागी सापडतो: स्वादुपिंड, थायरॉइड, पित्ताशय, नाकातले सायनस, अगदी डोक्याची त्वचासुद्धा.

असं का? हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. त्यात 'क्लिअर सेल' या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात व्हीएचएल हा जीन बहुतेकदा बिघडलेला असतो. मग ऑक्सिजन पुरेसा असूनही पेशी तो कमी असल्यासारख्या वागतात आणि नव्या रक्तवाहिन्या तयार करवून घेतात. (पेशी ऑक्सिजन कसा ओळखतात, या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं. व्हीएचएलचं काम त्यातूनच उलगडलं.) रक्ताचा एवढा राबता असल्यावर काही पेशी ऑपरेशनआधीच दूर पोचलेल्या असू शकतात. तिथे त्या वर्षानुवर्षं निपचित राहतात.

खरा घोळ निदानात होतो. थायरॉइडमध्ये गाठ दिसली की ती थायरॉइडचीच, असं वाटणं साहजिक आहे. पण थायरॉइड कॅन्सरवरचं रेडिओआयोडीन किडनीतून आलेल्या गाठीवर चालत नाही, कारण तिच्या पेशी आयोडीन घेतच नाहीत. स्वादुपिंडाचं उलट आहे. तिथे कॅन्सर म्हटलं की घरचे हातपाय गाळतात. पण किडनीतून तिथे गेलेली गाठ बऱ्याचदा सावकाश वाढते, मोजक्याच गाठी असतील तर ऑपरेशनचा विचार होतो, आणि त्यानंतर अनेक वर्षं जगलेले पेशंट आहेत. म्हणजे गाठ मुळात कुठली, यावर सगळं ठरतं.

प्रत्येक नवी गाठ जुन्या कॅन्सरचीच नसते. तरी नाशिकमध्ये दाखवा किंवा मुंबईला टाटाला जा, पहिल्याच भेटीत सांगा की अमुक साली कॅन्सरमुळे किडनी काढली आहे. डॉक्टर विचारतील याची वाट बघू नका. जुना बायोप्सी रिपोर्ट दाखवा. ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये स्लाइड आणि ब्लॉक अजून आहेत का, हेही विचारून घ्या, कारण नवी गाठ त्यांच्याशी पडताळून बघता येते. आणि रिपोर्टचा एक फोटो मुलांच्या फोनमध्येही असू द्या.