शोषण वर्णपटमापन

पदार्थातून प्रकाश जाताना कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती प्रमाणात शोषला जातो, हे मोजून त्या पदार्थाची ओळख पटविण्याच्या व त्याचे प्रमाण ठरविण्याच्या पद्धतीस शोषण वर्णपटमापन म्हणतात. दृश्य प्रकाशाप्रमाणेच जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) व अवरक्त (तांबड्या रंगाअलीकडील अदृश्य) प्रारणांचाही (तरंगरूपी ऊर्जांचाही) यात उपयोग करतात. पोटॅशियम परमँगॅनेटाचा विद्राव जांभळा दिसतो, कारण पांढऱ्या प्रकाशातील हिरवा भाग (तरंगलांबी सु. ५२५ नॅनोमीटर; १ नॅनोमीटर = १०⁻⁹ मी.) तो शोषून घेतो आणि तांबडा व निळा-जांभळा भाग पार जाऊ देतो. डोळ्यांना दिसतो तो उरलेला प्रकाश. मापन करावयाचे असते ते नाहीशा झालेल्या प्रकाशाचे.

इतिहास : एकाच पदार्थाचे सारख्या जाडीचे थर प्रकाशाचा सारखा अंश शोषतात, सारखी राशी नव्हे, हे प्येर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७२९ मध्ये दाखविले. योहान हाइन्‍रिख लँबर्ट यांनी १७६० मध्ये त्यास गणिती रूप दिले व आउगुस्ट बेअर यांनी १८५२ मध्ये विद्रावाच्या संहतीचा (विद्रावातील पदार्थाच्या प्रमाणाचा) त्याच्याशी असलेला संबंध स्पष्ट केला. फेलिक्स होपे-झायलर यांनी १८६२ मध्ये रक्तातील रंगद्रव्याच्या शोषणपट्टांचे वर्णन केले; ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनविरहित रक्ताचे पट्ट भिन्न असतात, हे जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८६४ मध्ये दाखविले. आर्नल्ड बेकमन यांच्या अमेरिकन कंपनीने १९४१ मध्ये जंबुपार व दृश्य प्रकाशासाठी तयार केलेल्या उपकरणामुळे ही पद्धत नेहमीच्या प्रयोगशाळांत रूढ झाली. अणूंच्या शोषणावर आधारलेली रासायनिक विश्लेषणाची पद्धत ॲलन वॉल्श यांनी ऑस्ट्रेलियात १९५५ मध्ये मांडली.

तत्त्व : अणू व रेणू यांच्या ऊर्जा पातळ्या ठराविक असतात. दोन पातळ्यांतील फरकाइतकी ऊर्जा असलेला फोटॉनच सामान्यतः शोषला जातो. मुक्त अणूंच्या बाबतीत त्यामुळे अरुंद रेषा मिळतात. रेणूंत कंपनाच्या व परिभ्रमणाच्या पातळ्यांची भर पडते आणि विद्रावकाचाही परिणाम होतो. म्हणून विद्रावांचे शोषणपट्ट रुंद असतात.

विद्रावातून पार गेलेल्या व त्यावर पडलेल्या प्रकाशाच्या तीव्रतांचे गुणोत्तर म्हणजे पारगम्यता आणि तिच्या व्यस्ताचा १० या पायाचा लॉगरिथम म्हणजे शोषकता होय. शोषकता १ असता १०%, २ असता १% व ३ असता ०.१% प्रकाश पार जातो. बूगेर-लँबर्ट-बेअर नियमानुसार शोषकता ही रेणवीय शोषण गुणांक, संहती व प्रकाशमार्गाची लांबी यांच्या गुणाकाराइतकी असते. उदा., पाण्यातील लोहाचे फेरस आयनांत रूपांतर करून त्यात फेनँथ्रोलीन घातल्यास नारिंगी-तांबडे संयुग मिळते. ५१० नॅनोमीटरला त्याचा गुणांक सु. ११,१०० (लिटर प्रती मोल प्रती सेंमी.) असतो. १ सेंमी. मार्गात शोषकता ०.४४४ आली, तर संहती ०.००००४ मोल प्रती लिटर, म्हणजेच लिटरमागे सु. २.२ मिग्रॅ. लोह, असे अनुमान निघते.

उपकरण : प्रकाशाचा उगम, विवर्तन जालक किंवा लोलक व अरुंद फट यांच्या योगे एक तरंगलांबी निवडणारी योजना, नमुन्याची कुपी आणि प्रकाशाचे विद्युत् प्रवाहात रूपांतर करणारा शोधक हे मुख्य भाग होत. दृश्य प्रकाशासाठी टंगस्टनाचा व जंबुपार प्रारणासाठी ड्यूटेरियमाचा दिवा वापरतात. साधी काच जंबुपार प्रारण शोषून घेते, म्हणून तेथे क्वॉर्ट्‌झाची कुपी लागते. नमुन्याबरोबरच केवळ विद्रावकाचेही मापन करून दोहोंची तुलना करतात. कुपीवरील बोटांचे ठसे, ओरखडे व आतील बुडबुडे हे प्रकाश अडवितात. उपकरण ती घट शोषण म्हणूनच नोंदविते.

मर्यादा : संहती फार वाढली, रेणूंचे परस्परांशी संयोग वा विघटन झाले, विद्राव गढूळ असला किंवा तो अनुस्फुरण दाखवीत असला, तर नियमापासून विचलन होते. भटक्या प्रकाशामुळे (निवडलेल्या तरंगलांबीबाहेरील प्रकाशामुळे) मोठ्या शोषकता प्रत्यक्षाहून कमी दिसतात. शोषकता ३ असताना ०.१% भटका प्रकाश शोधकापर्यंत पोहोचला, तर वाचन सु. २.७ येते, म्हणजेच पदार्थ जितका अधिक, तितके उत्तर अधिक फसवे ठरते. यासाठी ज्ञात संहतीच्या विद्रावांवरून आलेख काढून घेतात व दाट नमुना विरल करून मोजतात.

उपयोग : पिण्याच्या पाण्यातील लोह व नायट्रेट, रक्तातील हीमोग्लोबिन, औषधांची शुद्धता आणि न्यूक्लिइक अम्लांचे प्रमाण (२६० नॅनोमीटर) ठरविण्यासाठी ही पद्धत वापरतात. बोटाला लावावयाचा नाडी-ऑक्सिजनमापक याच तत्त्वावर चालतो. ताकुओ आओयागी यांनी जपानमध्ये १९७४ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर तो आधारलेला असून त्यात सामान्यतः सु. ६६० व ९४० नॅनोमीटरच्या प्रकाशांच्या शोषणांची तुलना करतात. येथे नमुना कुपीत नसून सजीव ऊतकात असतो आणि त्वचेतील मेलॅनीनही प्रकाश शोषते. रुग्णाच्या रक्तातील ऑक्सिजन धोकादायक रीत्या उतरलेला असूनही मापक तो पुरेसा दाखवितो, असे गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत जवळजवळ तिप्पट वेळा घडल्याचे अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. मापकाचे अंशन (मापनाच्या खुणा निश्चित करण्याची क्रिया) ज्या नमुन्यांवर केले असेल, त्यांच्यापुरतीच त्याच्या वाचनाची ग्वाही असते, ही गोष्ट प्रयोगशाळेत जितकी खरी तितकीच रुग्णशय्येपाशीही खरी आहे. [→ प्रकाशमापन, वर्णपटविज्ञान].